ध्वनीनें उष्णता वाहून नेण्याची युक्ति व आपल्या खव्याच्या भट्ट्या

गेल्या मार्गशीर्षांत भूम तालुक्यांतील आमच्या गांवीं एक गृहस्थ मोटारीनें आले. त्यांच्याजवळ गुळगुळीत कागदावर छापलेलीं पत्रकें होतीं. त्यांतील मजकुराचा सारांश असा कीं, ध्वनीच्या लहरींनीं उष्णता ओढून आणणारें एक यंत्र निघालें असून त्यास एक युनिट वीज दिली असतां तें बारा युनिट उष्णता देतें. त्यावर दूध आटवून खवा करतां येतो. लांकूड लागत नाहीं, धूर होत नाहीं. मात्र यंत्र नोंदविण्याकरितां कांहीं रक्कम आगाऊ भरली पाहिजे व उरलेल्या रकमेची तजवीज महिन्याच्या आंत केली पाहिजे.

आपल्या मंडळाचे दोन भट्टीवाले सभासद तें पत्रक घेऊन आमच्याकडे आले. आमचा जन्म महसूल खात्यांत आंकडे मांडण्यांत गेला. त्यामुळें आंकड्यांचा प्रश्न आला कीं लोक आमच्या ओट्यावर येतात. पत्रकांतील कोष्टक नीट आंखलेलें होतें, बेरजा बरोबर होत्या. आम्हीं मान डोलावली. एकानें त्याच दिवशीं नोंदणीचे पांच हजार रुपये भरले, व दुसऱ्यानें दुभती म्हैस विकण्याचें मनांत आणलें. त्या दुसऱ्याची मंडळी मात्र दारांत उभी राहून आम्हांस म्हणाली, "आवाजानं दूध आटतंय व्हय, भाऊसाहेब? मग इतकी वर्सं भट्टीपाशी पोरं रडत्यात, त्यानं का आटलं न्हाई?"

या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. बेरीज बरोबर असणें आणि बेरजेंतील रकमा खऱ्या असणें या दोन गोष्टी निराळ्या होत, हें फेरफाराच्या नोंदी तपासतांना आम्ही रोज पाहत होतों. पण येथें विसरलों. नंतर आम्हीं तालुक्यांतील एका विज्ञानशिक्षकांकडे बसून हा विषय समजून घेतला. तो येथें देण्याचें कारण असें कीं, तीं पत्रकें अद्याप गांवोगांव फिरत आहेत. कुंथलगिरीच्या खव्यास इ. स. २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून भट्टीवाल्याच्या हातीं चार पैसे येतील अशी सर्वांचीच समजूत झाली आहे, व अशा वेळीं पैसे मागणारेही पुष्कळ येतात.

ध्वनि आणि उष्णता यांचें नातें

ध्वनि म्हणजे हवेंतून पुढें पुढें सरकणारी दाट व विरळ थरांची मालिका होय. ढोलाचें कातडें बाहेर आलें कीं त्याच्या लगतची हवा दाबली जाते. आंत गेलें कीं ती विरळ होते. आतां सायकलच्या टायरांत पंपानें हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास गरम लागतें, व टायराची खुंटी दाबून हवा सोडली असतां ती गार लागते, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. हवा दाबली कीं तापते, पसरली कीं निवते. अर्थात् प्रत्येक ध्वनीबरोबर हवेचें उष्णमान क्षणोक्षणीं किंचित् चढत व उतरत असतें.

हा चढउतार आपल्या लक्षांत येत नाहीं, कारण तो फारच सूक्ष्म असतो. दोन माणसें साधेपणीं बोलत असतां तो एका अंशाच्या एकदोन लक्षांश भागांपुरता असतो. कानास वेदना होतील इतका मोठा आवाज केला तरी तो अंशाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागापलीकडे जात नाहीं. यास्तव बाईंचें म्हणणें अगदीं रास्त होतें. पोरांच्या रडण्यानें दूध आटणार नाहीं. परंतु पोलादी नळींत हेलियम नांवाचा वायु हवेच्या तीसपट दाबानें कोंडला आणि त्या दाबाच्या शेकडा पांच इतका चढउतार ध्वनीनें उत्पन्न केला, तर प्रत्येक लहरींत त्या वायूचें उष्णमान सुमारें सहा अंश वर व सहा अंश खालीं जातें. एवढा फरक कामास येतो. हा आवाज नळीच्या आंतच कोंडलेला असल्यामुळें बाहेर फारसा ऐकूं येत नाहीं.

हा शोध कसा लागला

प्रथम लोकांस याची उलट बाजू दिसली. म्हणजे उष्णतेपासून ध्वनि निघतो हें दिसलें. इ. स. १७७७ मध्यें ब्रायन हिगिन्स यास असें आढळलें कीं, उभ्या नळींत हायड्रोजन वायूची ज्योत धरली असतां ती नळी गाऊं लागते. कांच फुंकणाऱ्या कारागिरांस तर हें पूर्वीपासून ठाऊक होतें. तापलेला कांचेचा फुगा थंड नळीच्या टोंकाशीं असतां ती नळी आपोआप सूर काढते. सोंडहाउस या जर्मन गृहस्थानें इ. स. १८५० मध्यें याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढें इ. स. १८५९ मध्यें हॉलंडांतील रायके यानें उभ्या नळींत तापलेली तारेची जाळी ठेवून तसाच सूर काढला. याची उपपत्ति लॉर्ड रॅले यानें इ. स. १८७८ मध्यें सांगितली. ती थोडक्यांत अशी कीं, हवा दाबलेली असतांना तिला उष्णता दिली व विरळ असतांना काढून घेतली, तर कंपन वाढत जातें. झोपाळ्यास योग्य वेळीं दिलेल्या हातानें जसा झोका वाढतो तसेंच हें होय.

उष्णतेपासून ध्वनि निघतो, तर ध्वनि खर्चून उष्णता हलवितां आली पाहिजे. त्याचें गणित निकोलस रॉट यांनीं झुरिच येथें इ. स. १९६९ पासून मांडलें. आणि तेथेंच मर्कली व टोमान यांनीं इ. स. १९७५ मध्यें नळींतील ध्वनीनें नळीचा कांहीं भाग प्रत्यक्ष गार होतो हें दाखविलें. अमेरिकेंत लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉन व्हीटली, ग्रेगरी स्विफ्ट वगैरे शास्त्रज्ञांनीं इ. स. १९८० नंतर यास यंत्राचें रूप दिलें. इ. स. १९९२ च्या जानेवारींत डिस्कव्हरी नांवाच्या अंतराळयानांतून ध्वनीवर चालणारें एक लहान शीतयंत्र नेऊन तपासण्यांत आलें. इ. स. १९९९ मध्यें बॅकहाउस व स्विफ्ट यांनीं असें इंजिन प्रसिद्ध केलें कीं, ज्यांत दिलेल्या उष्णतेपैकीं शेकडा तीस इतक्या भागाचें रूपांतर ध्वनीच्या शक्तींत होई. तेव्हां हा विषय कल्पनेंतला नव्हे. पत्रक खोटें ठरतें तें येथें नव्हे, तर पुढें हिशेबांत.

पंप कसा चालतो

विहीर खणतांना गाळाचें घमेलें एकच माणूस तळापासून कांठापर्यंत नेत नाहीं. पायऱ्यांवर माणसें उभीं करतात. प्रत्येकजण हातभर अंतर हलतो, आणि घमेलें हातोहात वर येतें. ध्वनीच्या पंपांत हेंच घडतें.

एक नळी घ्यावी. तिचें एक टोंक बंद असावें व दुसऱ्या टोंकाशीं कर्णा म्हणजे ध्वनि उत्पन्न करणारें साधन असावें. नळीच्या आंत, बंद टोंकापासून थोड्या अंतरावर, पातळ पत्र्यांची किंवा पट्ट्यांची चळत बसवावी. दोन पट्ट्यांमधील फट फार अरुंद असावी. कर्णा वाजूं लागला कीं फटींतील हवेचा प्रत्येक कण मागेंपुढें हलतो. तो बंद टोंकाकडे सरकतो तेव्हां दाबला जाऊन तापतो आणि शेजारच्या पट्टीस आपली उष्णता देतो. परत कर्ण्याकडे सरकतो तेव्हां पसरून निवतो आणि तेथील पट्टीपासून उष्णता घेतो. म्हणजे त्यानें एक घमेलें उष्णता कर्ण्याच्या बाजूकडून उचलून बंद टोंकाच्या बाजूस टाकली. त्याच्या पुढला कण ती उचलून आणखी पुढें टाकतो. असें एका सेकंदांत शेंकडों वेळां होतें. अखेरीस चळतीचें एक टोंक गार होतें व दुसरें तापतें. दोन्ही टोंकांस पाण्याच्या नळ्या जोडल्या म्हणजे गार बाजूस विहिरीच्या पाण्यांतील उष्णता ओढली जाते आणि तापल्या बाजूस गरम पाणी मिळतें.

फट अति रुंद असेल तर मधल्या हवेस पट्टीचा स्पर्शच होत नाहीं; अति अरुंद असेल तर हवा घासून शक्ति व्यर्थ जाते. हें प्रमाण साधणें हेंच या कलेंतील मर्म आहे.

येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. ध्वनि उष्णता निर्माण करीत नाहीं. तो ती एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतो. मोट पाणी निर्माण करीत नाहीं, विहिरींतून वर आणते. आणि विहीर जितकी खोल तितके बैल अधिक दमतात. त्याचप्रमाणें उष्णता जितक्या कमी उष्णमानावरून जितक्या अधिक उष्णमानावर चढवावी, तितकी शक्ति अधिक लागते.

शाळेंत करण्याजोगा प्रयोग

इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंतील रसेल व वाइबुल या दोघांनीं विद्यार्थ्यांकरितां एक स्वस्त प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच धर्तीवर आमच्या शिक्षकमित्रांनीं तो करून दाखविला. सुमारें २२ सेंटिमीटर लांबीची नळी घेतली व तिचें एक टोंक बुचानें घट्ट बंद केलें. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर मासे धरण्याचा बारीक दोरा ठराविक अंतरानें आडवा चिकटवून तिची सुरळी केली. त्यामुळें दोन वेढ्यांमध्यें तीन-चार कागदांच्या जाडीइतकी फट राहिली. ती सुरळी बंद टोंकापासून चार सेंटिमीटरांवर बसविली. अशा नळींत घुमणाऱ्या लहरीची लांबी नळीच्या चौपट, म्हणजे ८८ सेंटिमीटर असते. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. सबब कर्ण्यानें सेकंदास सुमारें ३९० कंपनें द्यावीं लागतात. कर्णा वाजविल्यावर कांहीं मिनिटांतच सुरळीचें बंद टोंकाकडील अंग तापलें व कर्ण्याकडील निवलें. दोहोंतील फरक नऊ अंशांचा भरला.

फरक डोळ्यांनीं पाहिला. परंतु त्या सर्व उष्णतेनें चहाचा एक पेलाही तापला नसता. उष्णमान निराळें व उष्णतेची रास निराळी. पेटलेल्या काडीचें उष्णमान कढत्या कढईपेक्षां किती तरी अधिक असतें, पण काडीनें खवा होत नाहीं. प्रदर्शनांत असा प्रयोग दाखवून कोणी पैसे मागेल तर हा भेद आठवावा.

खव्याचा हिशेब

आतां आंकड्यांकडे वळूं. एका युनिट विजेच्या सर्व उष्णतेनें ८६० लिटर पाणी एक अंश, किंवा ८६ लिटर पाणी दहा अंश तापतें. दूध व पाणी यांतील थोडा फरक सोडून देऊं.

शंभर लिटर म्हशीचें दूध २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ८.७ युनिट उष्णता लागते. पण एवढ्यानें खवा होत नाहीं. पाणी आटविलें पाहिजे. शंभर लिटरांचा अंदाजें वीस किलो खवा धरला, तर सुमारें ऐंशी किलो पाण्याची वाफ करावी लागते, व त्यास ५० युनिट लागतात. एकूण सुमारें ५९ युनिट झाले. त्यांतील बहुतेक भाग वाफ करण्यांत जातो, व तें काम शंभर अंशांच्या वरच व्हावें लागतें.

ध्वनीचा असो वा दुसरा कोणताही असो, उष्णतेच्या पंपास निसर्गानें एक मर्यादा घातली आहे. तिचें मूळ साडी कार्नो या फ्रेंच इंजिनियरानें इ. स. १८२४ मध्यें सांगितलें. नियम सोपा आहे: जेथें उष्णता द्यावयाची तेथील अंशांत २७३ मिळवावे, व त्या संख्येस दोन जागांच्या उष्णमानांतील फरकानें भागावें. येणाऱ्या भागाकाराहून अधिक युनिट उष्णता एका युनिट कामापासून कोणासही मिळत नाहीं. २५ अंशांच्या पाण्यांतून उष्णता घेऊन ती ६५ अंशांस द्यावयाची असेल, तर ३३८ भागिलें ४० म्हणजे साडेआठाच्या आंत. कढईच्या बुडाशीं १०५ अंश हवे असतील, तर ३७८ भागिलें ८०, म्हणजे पावणेपांचाच्या आंत. हे आंकडे निर्दोष यंत्राचे झाले. प्रत्यक्ष चांगल्या यंत्रासही त्याच्या निम्म्याच्या जवळ जाणें कठीण पडतें. मग दूध आटवून बारा युनिट देणारें यंत्र कोठून आणावयाचें? पत्रकांतील बेरीज बरोबर होती. तिच्यांतील बारा ही रकमच खोटी होती. ही एक वजाबाकी व एक भागाकार आम्हीं त्या दिवशीं ओट्यावर केला असता, तर आमच्या सभासदाचे पांच हजार वांचले असते. ते अद्याप परत आले नाहींत, व त्यांतील दोषाचा वांटा आमच्याकडे आहे.

समजा, खरें व प्रामाणिक यंत्र मिळालें आणि त्यानें दूध २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवून दिलें. यास सुमारें ४.६५ युनिट उष्णता लागते. म्हणजे एकूण ५९ युनिटांपैकीं शेकडा आठच वांचले. उरलेले शेकडा ब्याण्णव भट्टीवरच राहिले.

याच्याशीं भट्टीची तुलना करावी. वाळल्या लांकडाच्या एका किलोंत सुमारें ४.२ युनिट उष्णता असते. ती सर्व दुधास पोंचली असती तर ५९ युनिटांस चौदा किलो लांकूड पुरतें. उघड्या भट्टींत बहुतेक उष्णता धुराबरोबर व बाजूंनीं निघून जाते. तिचा पांचवा हिस्सा कढईस पोंचतो असें धरलें, तर सत्तर किलो लांकूड लागतें. भट्टी सुधारून पांचव्याऐवजीं चौथा हिस्सा पोंचविला, तर छपन्न किलोंत काम होतें. म्हणजे चौदा किलो, शेकडा वीस, वांचले. विटामातीच्या कामांत शेकडा वीस आणि परदेशी यंत्रांत शेकडा आठ, असा हा ताळेबंद आहे.

हीं यंत्रें आज कोठें आहेत

यावरून ध्वनीचा पंप निरुपयोगी आहे असें कोणी समजूं नये. त्यांत तेल नाहीं, हलणारे भाग थोडे, आणि वातावरणास अपाय करणाऱ्या शीतवायूंऐवजीं हवा किंवा हेलियम चालतो. हॉलंडांत पेटन येथील ऊर्जा-संशोधन संस्थेनें कारखान्यांतील वायां जाणारी उष्णता ध्वनीनें वरच्या उष्णमानावर चढविण्याचे प्रयोग केले. हॉलंड व फ्रान्स या थंड मुलखांत घरें तापविण्याकरितां असे पंप बनविण्याचें काम कांहीं कंपन्यांनीं हातीं घेतलें. इंग्लंडांत नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढारीपणाखालीं इ. स. २००७ मध्यें गरीब देशांकरितां एक योजना सुरू झाली. तिचा हेतु असा कीं, लांकडाच्या चुलीवर स्वयंपाक होत असतां त्याच उष्णतेपासून ध्वनि व ध्वनीपासून थोडी वीज मिळावी.

आपल्याकडेही हा अभ्यास चालूं आहे. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्रा. मिलिंद अत्रे यांनीं अतिशीत यंत्रांच्या शास्त्रांत पुष्कळ काम केलें असून, सुरत येथील राष्ट्रीय तंत्र संस्थेच्या अध्यापकांसह उष्णतेपासून ध्वनि उत्पन्न करणाऱ्या इंजिनाच्या रचनेचाही अभ्यास केला आहे. हें ज्ञान आपल्या प्रांतांत आहे ही समाधानाची गोष्ट होय. परंतु प्रयोगशाळेंतील यंत्र व भट्टीवरील यंत्र यांत अंतर असतें. हेलियम आपणांस बहुतांशीं परदेशांतून आणावा लागतो, व तो बारीकशा सांध्यांतूनही निसटतो. यंत्र बिघडलें तर भूमच्या बाजारांत तें उघडणारा कारागीर कोण? हा प्रश्न किंमतीच्या आधीं विचारावा.

मग काय करावें

सभासद बंधूंस आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली: ज्या गांवीं दूध थंड करण्याचें यंत्र आहे, तेथें उष्णतेचा पंप आधींच आलेला आहे. शंभर लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणतांना त्यांतून सुमारें साडेतीन युनिट उष्णता निघते; यंत्राची स्वतःची शक्ति मिळून साडेचार युनिटांच्या सुमारास उष्णता मागल्या जाळीवाटे हवेंत जाते. तिचा निम्मा भाग जरी पाण्याच्या टांकींत धरला, तरी शंभर लिटर पाणी जवळजवळ वीस अंश तापतें. भांडीं व कॅन धुण्यास तें उपयोगीं पडेल. यासाठीं लागणारी जोडणी जाणत्या कारागिराकडून व यंत्र पुरविणाऱ्यास विचारूनच करावी.

दुसरी: लांकूड एक पावसाळा आडोशास ठेवून नीट वाळल्यावांचून जाळूं नये. ओल्या लांकडाची बरीच उष्णता त्यांतील पाणी घालविण्यांतच खर्च होते, व धूर वाढतो तो निराळाच.

तिसरी: भट्टीचें तोंड कढईच्या बेताचें ठेवावें, बाजू जाड मातीनें लिंपाव्या, खालून हवा येण्यास जाळी असावी आणि धुराडें छपराच्या वर न्यावें. भट्टीपुढें दिवसभर बहुधा घरची बाईमाणसें बसतात. धुरानें त्यांचे डोळे व छाती बिघडते. हा खर्च कोणाच्याच वहींत लिहिलेला नसतो, म्हणून तो नाहींसा होत नाहीं.

चौथी: कोणतेंही नवें यंत्र घेण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी मागाव्या. किती अंशांवरून किती अंशांपर्यंत, तासास किती लिटर, आणि किती युनिटांत. या तीन आंकड्यांवर वरील भागाकार करून पाहावा. आगाऊ पैसे देण्यापूर्वीं यंत्र चालतांना, आपल्या दुधावर व आपल्या मीटरवर, पाहावें. जो हें करूं देणार नाहीं त्यास चहा द्यावा, पैसे देऊं नयेत.

म्हैस विकण्यास निघालेल्या सभासदानें तिला विकलें नाहीं. या चैत्रांत ती पुन्हां व्याली. त्याच्या भट्टीस आतां धुराडें बसलें आहे, व लांकूड रोज तोलून लिहून ठेवण्याचें काम त्याच्या मंडळीनें पत्करलें आहे. तीन महिन्यांचे आंकडे पुरे झाले म्हणजे ते आम्ही याच मासिकांत जसेच्या तसे, आमच्या अंदाजाविरुद्ध गेले तरीही, सादर करूं. तोंवर इतर भट्टीवाल्यांनींही तसेंच तोलून लिहून ठेवावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.